उचला, उचला!

घसरलेल्या मोटरसायकलचं मागचं चाक अजून फिरत असतं तेवढ्यात कुठून तरी चार माणसं धावत येतात आणि पहिला शब्द कानावर पडतो, "उचला, उचला!" बेळगावच्या सीमाभागात तवंदी घाट असो, वंटमुरीचा उतार असो की जांबोटीच्या पुढचं जंगल, शब्द ठरलेला. मराठीत नाही आला तर कन्नडमध्ये येतो, "एत्तरी, एत्तरी!" काय उचलायचं ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून दोघं माणसाच्या काखेत हात घालतात, दोघं गाडीला हात लावतात, आणि पडलेला गडी स्वतः गुडघ्यावर उठून गाडीकडेच बघत असतो. कोपरातून रक्त ठिबकतंय याचा त्याला पत्ता नसतो. टाकीला पोचा आलाय का, आरसा शाबूत आहे का, हे त्याला आधी हवं असतं. गाडीचे हप्ते अजून फिटायचे असतात, त्यामुळे त्यात नवल काही नाही.

अशा वेळी मागून येऊन थांबलेल्या दुसऱ्या मोटरसायकलवाल्याचा खरा उपयोग असतो तो ही घाई थोपवायला. काय कुठे आपटलं असेल याचा अंदाज त्याला जमलेल्यांपेक्षा बरा असतो. पहिली दहा मिनिटं कुणालाही, काहीही उचलू न देणं हे काम दिसायला सोपं दिसतं. पण आपल्याकडे मदत म्हणजे हात लावणं अशी समजूत पक्की असल्यामुळे "थांबा" म्हणणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघतात.

त्याआधी स्वतःची गाडी कुठे लावायची हा प्रश्न आहे. वळणावर, पडलेल्याच्या शेजारी गाडी लावली की मागून येणाऱ्याला धडकायला आणखी एक वस्तू मिळते. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. चालकाला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत २५ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच. पावसात याहून जास्त. म्हणजे इशारा द्यायचा तो निदान ५०-६० मीटर अलीकडे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडच्या तोंडाला, जिथून तो दिसेल तिथे. चौपदरी हमरस्त्यावर १०० मीटर धरावेत. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, इंडिकेटर चालू, आणि जमलेल्यांतला जो सगळ्यात जास्त ओरडत असेल त्यालाच हातात फडकं किंवा मोबाइलची बॅटरी देऊन अलीकडे उभं करायचं. त्याला काम मिळतं, इथे शांतता मिळते. रस्त्यावर झाडाची फांदी टाकायची आपली पद्धत उत्तम आहे. दगड ठेवायची नाही, कारण फांदी उडून जाते पण दगड रात्री तिथेच राहतो आणि दुसऱ्याला पाडतो. ठेवलेच असतील तर निघताना मोजून उचलावेत.

आता माणूस. त्याच्या समोर, तो बघतोय त्या बाजूने बसायचं, म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही. नाव काय, कुठून निघालात, कुठे चाललात, काय झालं? उत्तरं नीट आली तर श्वास आणि डोकं तूर्त ठीक आहे. "काय नाही झालं ओ, गाडी बघा" हे उत्तर धरायचं नाही. पडल्यावर अंगात जो जोर चढतो त्यात दुखणं पंधरा-वीस मिनिटं लपून राहतं, म्हणून तेवढा वेळ त्याला बसवून ठेवायचा. मानेत किंवा पाठीच्या मणक्यावर दुखतंय का, हातापायाला मुंग्या आहेत का, पायाची बोटं हलतात का, हे विचारायचं. यातल्या कशालाही उत्तर गडबडीचं आलं तर आहे तिथेच, आहे तसा ठेवायचा. मान वळवून खात्री करून घ्यायची नाही.

हेल्मेटचं सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. श्वास चालू असेल, तो बोलत असेल आणि मान दुखत असेल तर काच वर करायची, हनुवटीचा पट्टा सैल करायचा आणि हेल्मेट राहू द्यायचं. श्वास थांबला असेल किंवा तोंडात उलटी साचत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी. एकाने खालून जबडा आणि डोक्याची मागची बाजू धरून मान स्थिर ठेवायची, दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही कडा बाहेर ताणत, पुढे-मागे हलकं तिरकं करत ते सोडवायचं. हेल्मेटवर ओरखडा कुठे आहे ते मात्र बघून ठेवावं आणि डॉक्टरांना सांगावं. कानशिलाच्या बाजूला कवच खरवडलं असेल तर माणूस कितीही हसत बोलला तरी पुढचे २४ तास त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष हवं. वारंवार उलटी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, पेंग येणं, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठा दवाखाना.

मागे बसलेल्याला लोक विसरतात. एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई पाठीवर, बहुतेकदा डोक्याच्या मागच्या भागावर पडते, आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट असेलच असं नाही, जरी कायद्याने मागच्यालाही ते सक्तीचं असलं तरी. ती लाजून पदर सावरत बाजूला बसून राहते आणि सगळे चालवणाऱ्याभोवती. आधी तिच्याकडे जावं.

आणखी एक गोष्ट सीमाभागातच नव्हे, सगळीकडेच घडते. पडलेला माणूस अडखळत बोलतोय, झोकांड्या खातोय असं दिसलं की कुणीतरी म्हणतोच, "घेटलेला असणार!" आणि गर्दीचा निम्मा कळवळा तिथेच ओसरतो. डोक्याला मार बसला किंवा मधुमेही माणसाची साखर उतरली तरी माणूस तसाच बोलतो, तसाच चालतो. आणि दारू घेतलेली असली तरी दारू डोक्याच्या माराची लक्षणं झाकते, म्हणजे उलट जास्तच जपायला हवं.

मोटरसायकलवरून पडल्यावर ठरावीक जागा दुखावतात. खांद्यावर आपटला की गळ्याजवळचं हाड, म्हणजे हसळी, मोडते. माणूस तो हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून बसतो, बघताक्षणी ओळखू येतं. पंचा किंवा उपरण्याची झोळी करून हात छातीशी बांधायचा, शर्ट काढायच्या भानगडीत पडायचं नाही. हात टेकून पडला की मनगट. अंगठा ताठ केला की त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो त्यात दाबल्यावर कळ आली तर तिथलं छोटं हाड चिरलेलं असू शकतं, आणि ते पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. "मुरगळलंय" म्हणून सोडलं तर महिनोन्महिने सांधत नाही. बोटातली अंगठी लगेच काढावी. अर्ध्या तासाने सूज आली की ती कापावी लागते, आणि लग्नातली अंगठी कापायला कुणाचं मन होत नाही. हँडलचं टोक पोटात घुसलं असेल तर बाहेरून फक्त एक लाल गोल दिसतो. आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. पोट कडक होणं, अंग गार आणि फिकं पडणं, नाडी जलद होणं, डाव्या खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखणं ही त्याची खूण. "पोटात जरा कळ हाय" म्हणणाऱ्याला दुचाकीवर बसवून नेऊ नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जखमेवर दाबायचं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं. खरचटलेलं पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवायचं. खानापूर-कणकुंबीकडची जांभ्याची तांबडी माती जखमेत बारीक बसते, ती तशीच राहिली तर कातडीखाली डाग आणि पू दोन्ही राहतात. हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट घेऊन कुणी प्रेमाने पुढे येतंच. हात जोडून नको म्हणावं, कारण ते सगळं नंतर डॉक्टरला खरवडून काढावं लागतं. सायलेन्सरचा चटका बसला असेल तर वीस मिनिटं गार पाणी, बाकी काही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारून ठेवावं.

पाणी पाजायचं का? हाड मोडलं असेल, पोटात दुखत असेल, डोक्याला लागलं असेल तर नाही, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं, आणि गुंगीत पाणी श्वासनलिकेत जातं. पण तांब्या घेऊन आलेल्या म्हातारीला हे समजावणं अवघड असतं. तिथे तिच्या भाषेत बोलावं. "नीर कोडब्याड्री अव्वा", पाणी देऊ नका, एवढं कन्नड येत असलं तरी पुरे. "गाबरी आगब्याड्री", घाबरू नका, आणि "एत्तब्याड्री", उचलू नका. बेळगावपासून अथणीपर्यंत एवढ्या तीन वाक्यांवर बरंच निभावतं. पलीकडच्या गड्यालाही मोडकं मराठी येतंच.

रुग्णवाहिकेचा १०८ दोन्ही राज्यांत आहे, आणि सीमेवर तेच गोंधळाचं कारण. शिनोळीच्या आसपास किंवा निपाणी-कागल पट्ट्यात फोनने पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडला तर फोन पलीकडच्या केंद्रात लागतो. म्हणून पहिलं वाक्य राज्य, जिल्हा, तालुका, मग जवळचं गाव, मग रस्ता आणि कुठल्या दिशेची बाजू. "बेळगाव-गोवा रोड" एवढंच सांगितलं तर चोर्ल्याचा की रामनगर-अनमोडचा ते कळत नाही, आणि दोघांत डोंगर आडवा आहे. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरही मदत मागता येते, आणि ११२ सगळीकडे. चोर्ल्याच्या जंगलात रेंज जाते-येते, तिथे पुढे जाणाऱ्या गाडीवाल्याला नंबर आणि ठिकाण कागदावर लिहून द्यावं. तोंडी निरोप दोन वळणांत बदलतो.

पोलिसांच्या लफड्यात पडायला नको म्हणून जे थांबत नाहीत त्यांच्यासाठी: ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं, आणि कर्नाटकाचा स्वतःचा कायदाही आहे. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात पैसे भरायची नाही, साक्षीदार व्हायची नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचाराची केंद्राची योजनाही लागू आहे. दवाखान्यात "अपघाताची कॅशलेस योजना" असं नाव घेऊन विचारावं.

घरी फोन त्यालाच करू द्यावा. आवाज ऐकला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. अनोळखी माणसाने "तुमच्या मालकांचा अपघात झालाय" म्हटलं की पुढचं काही ऐकूच जात नाही. पाकीट, पैसे, मोबाइल दोघांसमोर मोजून त्याच्याच खिशात.

दुसरं वाहन गुंतलेलं असेल तर गाड्या हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, नंबरप्लेट दिसतील असे, आणि घासल्याच्या खुणांचा एक. मग गाडी.

गाडी पडल्या पडल्या किल्ली बंद करायची. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉकही बंद. टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपत असेल तर जवळच्या विडीवाल्याला दूर पाठवावं. उचलताना हँडलला धरून कमरेतून वाकणारा दुसरा रुग्ण तयार करतो. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक ३५० चांगली १९५ किलोची. गाडीकडे पाठ करून, कमरेखालचा भाग सीटला टेकवून बसायचं. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलेलं, एक हात खालच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत उभं राहायचं. गाडी गिअरमध्ये हवी. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचं, नाहीतर ती पलीकडे कोसळते. डावीकडे पडली असेल तर पलीकडे एक माणूस. सायलेन्सर कुठे आहे ते आधी बघावं.

लगेच स्टार्टर दाबू नये. आडवी पडलेली असताना ऑइल एअर फिल्टरकडे गेलेलं असतं, कार्बुरेटर ओसंडलेला असतो. दहा मिनिटं मेन स्टँडवर उभी ठेवून ऑइलची पातळी बघायची. कार्बुरेटरवालीत पेट्रोल जास्त साचलं असेल तर चोक बंद, एक्सलेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका. इंजेक्शनवाली गाडी पडल्यावर कलण्याचा सेन्सर इंजिन बंद करतो, तेव्हा किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेकदा काम होतं. २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांना साइड स्टँडचा स्विच असतो. तो आपटून अडकला तर इंजिन चालू होतं पण गिअर टाकताच बंद पडतं, आणि लोक प्लग खोलत बसतात.

सगळ्यात आधी तपासायची गोष्ट लोक सगळ्यात शेवटी तपासतात: एक्सलेटर. हँडलचं टोक आपटलं की रबरी मूठ आत सरकून स्विचच्या डबीला घासते आणि पिळलेला एक्सलेटर परत येत नाही. इंजिन बंद ठेवून, हँडल डावीकडे, सरळ, उजवीकडे, तिन्ही जागी पिळून सोडायचा. टक्कन मागे आला पाहिजे. नसेल येत तर मूठ दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढायची.

मग ब्रेक. लिव्हरचं टोक मोडलं तर तिथे मोडावं म्हणूनच काही लिव्हरना खाच असते. उरलेल्या भागावर दोन बोटं बसली तर चालतं. डिस्कच्या गाडीला लिव्हर मऊ लागतं का, होजजवळ ओल आहे का? पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळीवर खरवड आली तर सील फाटून ऑइल खाली डिस्कवर उतरतं, आणि हे दोन-चार किलोमीटर गेल्यावर कळतं. पायाचा ब्रेक आत वाकून इंजिनच्या कव्हरला टेकतो, त्यामुळे अर्धाच दबतो. किंवा दबलेलाच राहतो आणि मागचा ड्रम तापतो. लोखंडी पेडल पाइप घालून हळूहळू बाहेर ओढता येतं. गिअरचा लिव्हर लोखंडी असेल तर तसाच, ॲल्युमिनियमचा असेल तर मोडतो, हात लावू नये. त्याच्या बुडाशी ऑइल दिसलं तर शाफ्टचं सील गेलं.

चाक सरळ पण हँडल तिरकं, हे सर्रास दिसतं आणि लोक त्याला फोर्क वाकला म्हणतात. बहुतेकदा फोर्क त्याला वर धरणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये फक्त पिळलेला असतो. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल उलट बाजूला झटकलं की पुष्कळदा जुळतं. नाहीच जुळलं तर पट्ट्यांचे बोल्ट सैल करून, जुळवून, पुन्हा आवळावेत. मागून नजर लावली आणि टायर व मडगार्डमधलं अंतर दोन्हीकडे वेगळं दिसलं, किंवा चाक इंजिनच्या जवळ सरकलेलं वाटलं, तर मात्र फोर्क खरंच वाकलाय, गाडी चालवायची नाही. रिमजवळ काडी धरून चाक फिरवलं की ते किती आउट, म्हणजे वाकडं, आहे ते दिसतं. अलॉय चाकाला चीर असेल तर विषय संपला. चेन उतरलीय का, साडी गार्ड स्पोकला घासतंय का, मागचा लाल दिवा लागतो का. इंडिकेटरच्या तुटलेल्या वायरी टेप लावून वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर फ्यूज जातो आणि त्याबरोबर हॉर्नही.

टाकी बारीक झिरपत असेल तर अंघोळीच्या साबणाची वडी चिरेवर रगडायची. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, गावापर्यंत टिकतो. इंजिनच्या कव्हरला भोक पडलं असेल तर असले उपाय नकोत, ऑइल गेलं की इंजिन बसतं. क्लचची वायर तुटली असली तरी ढकलत पहिल्यात टाकून नेता येते, पण नुकत्याच पडलेल्या माणसाला हे करायला लावू नये. तसंच मागून त्याच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेणंही. पेट्रोल संपल्यावर ते चालतं. वाकलेल्या हँडलवर आणि अर्ध्या ब्रेकवर दोघंही जातात.

सीटखाली १०, १२, १४ चे पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, इन्सुलेशन टेप, बाइंडिंग तार, दहा केबल टाय, १० आणि १५ अँपिअरचे फ्यूज, १० सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज, गॉझ आणि एक पंचा, एवढ्यात वर सांगितलेलं बहुतेक सगळं भागतं. पंचा सगळ्यात उपयोगी.

का पडला हे त्याच्याशी वाद घालून ठरवू नये, पण रस्ता बघावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्यावर मळणीला पसरलेलं सोयाबीन, फेब्रुवारीत जोंधळा, गळीत हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस, रुंदीकरणाची खडी. दाणे बॉल बेअरिंगसारखे फिरतात आणि पुढचा ब्रेक दाबला की चाक सुटतं. ऑइल सांडलं असेल तर कोरडी माती टाकून पायाने चोळून, झाडून काढावी. नुसती टाकली तर निसरडा चिखल होतो.

गाडी चालवण्याजोगी नसेल तर पंक्चरवाल्याकडे किंवा हॉटेलवाल्याकडे हँडल लॉक करून, कागदपत्रं काढून, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावी. छोट्या हत्ती टेम्पोतून न्यायची तर गिअरमध्ये, पुढचा फोर्क दाबून दोन बाजूंनी बांधायची, दोरी हँडलवरच्या वायरींवरून न जाऊ देता.

गाडी चालण्याजोगी आणि माणूसही, असं दोन्ही जुळलं तर त्याला पुढे घालून मागून जावं, चाळीसच्या वर नाही, दिवा लावून. त्याचा ब्रेकचा दिवा लागतो का, गाडी एका अंगाला ओढते का, हे मागूनच दिसतं. दोन किलोमीटरवर थांबून दोन्ही चाकांच्या मधल्या हबजवळ हात न्यावा. एखादा तापलेला असेल तर ब्रेक धरतोय. पुढे पहिली टपरी दिसली की थांबावं. डोकं, पोट, हाड सगळं ठीक दिसत असेल तर आता चहा चालतो, साखर जरा जास्त घालून. हात थरथरायला लागतात ते साधारण इथेच. तो कप उजव्या हाताने उचलतो की डाव्या, आणि अंगठा कपाला नीट लागतो का, तेवढं बोलता बोलता बघून घ्यावं.